पाव मैल, दोन लिंबं

माझं वजन सत्तेचाळीस किलो आहे. बाईनं वय आणि वजन सांगू नये म्हणतात, पण माझं वजन हजारभर लोकांना माइकवरून सांगून झालंय, तेव्हा आता लपवण्यात काही अर्थ नाही. आणि खरं सांगू का, ह्या सत्तेचाळीस किलोंमुळंच मी आयुष्यात एकदा अशी सुटले, की पोट मागं राहिलं आणि मी पुढं गेले.

एरवी मी शाळेची गाडी चालवते. विट्याजवळच्या आमच्या गावातून सकाळी सतरा पोरं भरायची, शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. बारा वर्षं झाली. वेगाचा काटा चाळीसच्या पुढं जाऊ द्यायचा नाही, हा माझा नियम. कारण कुणाचा बाप कुठल्या बांधावरून बघत असेल ह्याचा नेम नाही, आणि पोरं तर घरी जाऊन सगळंच सांगतात. एकदा मी पंचेचाळीसनं गेले तर दोन आया दुसऱ्या दिवशी दारात उभ्या होत्या.

आमच्या मालकांचं गॅरेज विटा-कराड रस्त्याला, घराला लागूनच आहे. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालकच म्हणतात, कशाचे मालक ते विचारायचं नाही. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, जे दारात येईल ते दुरुस्त करतात. माणूस एकदम शांत. मी दिवसातून चारदा चिडते, ते वर्षातून एकदा, तेही चिडल्यावर गप्प बसतात. पण त्यांना एक वेड होतं, ड्रॅग रेसचं. सरळ रस्ता, पाव मैल, म्हणजे चारशे दोन मीटर. वळण नाही, घाट नाही. जागेवर उभं राहायचं, दिवा लागला की सुटायचं आणि किती सेकंदात पोचतोय ते मोजायचं. झालं, संपली शर्यत.

जेवताना मोबाईल ताटाजवळ उभा करून ते परदेशातल्या गाड्या बघायचे. त्या गाड्या म्हणजे काय विचारू नका. मांडवाच्या वाशासारख्या लांब, पुढं सायकलीची वाटावीत अशी चाकं आणि मागं ट्रॅक्टरपेक्षा रुंद. "दहा हजार घोड्यांची ताकद हाय ह्यात," मालक घास हातात धरून सांगायचे. "चार सेकंदाच्या आत पाचशेच्या पुढं जाती. थांबवायला मागनं पॅराशूट सोडावं लागतं." एकदा त्यांच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून बघत होत्या. सासूला मी आत्या म्हणते. आत्यांनी विचारलं, "आन एवढ्या घाईनं कुठं जात्यात रं?"

"कुठं न्हाई आये. तिथं जाऊन थांबत्यात."

"मग?"

"मग गाडी ओढत माघारी आणत्यात."

आत्यांनी पदर झटकला. "येळंवर जेवत्यात तरी का न्हाई?" म्हणाल्या आणि उठून गेल्या.

बघण्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण मालकांनी भंगाराच्या वाटेवर असलेली एक जुनी डबडी गाडी आणली. बारकी, चार माणसं गुडघे दुमडून बसतील अशी. दोन वर्षं रोज गॅरेज बंद करायच्या आधी तासभर ते तिच्याशी झटायचे. आधी तिच्यातलं सगळं काढून टाकलं. मागचं सीट आमच्या ओट्यावर आलं, पाहुणे अजून त्याच्यावर बसतात. दाराच्या आतले पत्रे गेले, हॉर्न गेला, काचेच्या जागी पातळ प्लास्टिक आलं. काढलेली वस्तू तराजूत घालायची आणि खडूनं भिंतीवर लिहायची. हलकी गाडी लवकर सुटते, हे मला तेव्हा कळलं. मग तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं आणि त्याला टर्बो जोडला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबायचं यंत्र. "जेवढी हवा कोंबशील तेवढी ताकद," असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, "आवं, तुमी माज्या तोंडात एवढी हवा कोंबली तर मी बी पळंन."

पहिल्यांदा ते इंजिन सुरू केलं तेव्हा आमच्या फळीवरचे पेले वाजायला लागले. दोन घरं पलीकडची म्हैस त्या संध्याकाळी पान्हावली नाही, आणि तिची मालकीण आमच्या दारात येऊन चांगली अर्धा तास भांडून गेली. मालक ऐकत होते आणि हसत होते. त्यांचं लक्ष आवाजाकडंच होतं.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी सगळा हिशेब मांडला होता. गाडीचं वजन, इंजिनाची ताकद, गिअर कधी बदलायचा, सगळं. आणि खाली दोनदा रेघ मारून लिहिलं होतं, तेरा पूर्णांक सात सेकंद. गॅरेजवर चहा प्यायला येणारे लोक हसायचे. "मिस्त्री, ह्या डबड्यात? वीसच्या आत आली तरी नारळ फोडू गड्या." मालक बोल्ट आवळत राहायचे. दहावी नापास माणूस, सगळं स्वतः वाचून, बघून, हात काळे करून शिकलेला. तो आकडा खरा निघाला तर आपल्याला ह्यातलं खरंच कळतं, एवढंच त्यांना बघायचं होतं.

आणि फेब्रुवारीत, भर दुपारी, पान्याला जोर देताना ते खाली बसले. घामानं चिंब. मी पोरांना सोडून परत येत होते म्हणून बरं. त्याच शाळेच्या गाडीत घालून मी त्यांना मिरजेला नेलं आणि त्या दिवशी माझा चाळीसचा नियम मी धाब्यावर बसवला. दवाखान्यात त्यांच्या काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवली. शुद्धीवर आल्यावर ह्या माणसाचं पहिलं वाक्य काय, तर "सस्पेन्शन नवं झालं आता." मी रडत होते आणि हसतही होते. नर्सबाई म्हणाल्या, बाहेर जाऊन काय ते एक करा.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गाडी चालवा, काम हलकं करा, पण शर्यत आयुष्यात नाही. तसला धक्का, तसली धडधड ह्या काळजाला सोसायची नाही. मालकांनी मान हलवली. घरी आले आणि त्या गाडीवर ताडपत्री टाकली.

त्यानंतरचे महिने माझे कसे गेले ते माझं मला माहीत. ते जिना चढले की मी खाली उभी राहून त्यांचा श्वास मोजायची. जरा धाप लागली की माझं काळीज लकलकायचं. त्यांच्या छातीला हात लावायलासुद्धा मी घाबरायची, जणू हात लावला तर आतलं काहीतरी निसटेल. आणि ते मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले. मोबाईल ताटाजवळ येईना. एक दिवस म्हणाले, "ती गाडी खोलून टाकतो. इंजिन कुणाला तरी कामाला येईल."

मला असला राग आला! दोन वर्षं माझ्या भिंती खडूनं रंगवल्या, म्हैसवालीची बोलणी मी खाल्ली, आणि आता खोलून टाकतो? मी म्हणाले, "खोलायची न्हाई. मी चालवते."

ते हसलेच नाहीत, हे बघून मी चपापले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, इंजिनाकडं बघतात तसं. मग हाताला धरून शेजारच्या धान्याच्या दुकानात नेलं आणि पोत्याच्या काट्यावर उभं केलं. सत्तेचाळीस. ते स्वतः ब्याण्णव. "पंचेचाळीस किलोचा फायदा," असं म्हणाले, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यात जीव दिसला. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण माझ्याकडं एवढ्या प्रेमानं त्यांनी कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

ठरलं असं. दिवाळीनंतर फलटणच्या बाजूला एक शर्यत होणार होती. तिथं एकदा गाडी पळवायची. तेराच्या घरात आली तर ठेवायची. चौदा किंवा त्याच्या पुढं गेली तर त्यांचा हिशेब चुकला, मग खोलायची आणि पुन्हा ह्या विषयाचं नाव काढायचं नाही. ही अट त्यांचीच होती. मी लाख समजावलं, पण हलेनात.

सराव कुठं करणार? रस्त्यावर करायचा नाही हे त्यांचं पक्कं होतं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, तेव्हा उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते मोठं पटांगण रिकामं पडलेलं. तिथं परवानगी काढली. पूर्ण पाव मैल नाही, नुसते पहिले पन्नास फूट. कारण सगळी मेख तिथंच आहे. आमच्या गाडीची पुढची चाकं ओढतात. क्लच पटकन सोडला तर चाकं जागच्या जागी गरागरा फिरतात, धूर निघतो आणि गाडी जाते कुठं, तर कुठंच नाही. हळू सोडला तर वेळ गेला. "क्लच सोडायचा न्हाई, नुसता ढिला करायचा. चाकानं रस्ता धरला का ते पायाला कळतं," ते सांगायचे. दोन महिन्यांत ग्रिप, म्हणजे चाकाची पकड, हा शब्द मी एवढ्या वेळा ऐकला की पोरांच्या डब्यातली पोळी निसटली तरी मला तो आठवायचा.

पायाला कळायला मला महिना लागला. पण कळलं. पोरं पेंगत असतात तेव्हा गाडी कशी अलगद उचलायची हे मला बारा वर्षांपासून ठाऊक होतं. तोच पाय, फक्त मागं शंभर घोडे जास्त. पहिल्यांदा बरोबर सुटली तेव्हा मानेला झटका बसला आणि माझ्या तोंडातून अशी शिवी निघाली की कारखान्याचा वॉचमन उठून उभा राहिला. मालक लांबून दोन्ही हात वर करून नाचत होते. मी खिडकीतून ओरडले, "नाचू नका! डॉक्टरनं सांगितलंय!"

शर्यत एका चौपदरी बायपासवर होती. पूल व्हायचा राहिल्यामुळं रस्ता अजून बंद, त्यामुळं चकचकीत. दोन्ही बाजूला ऊस, दोर बांधलेले, अँब्युलन्स उभी, पोलीस, भजीवाले, उसाचा रस. आणि लोक तर विचारू नका. पुण्याहून कुठून कुठून गाड्या आल्या होत्या, एकेकीचा आवाज असा की छातीत घुमायचा. एक पांढरी गाडी सुटली तेव्हा मी डोळ्याची पापणी मिटून उघडली, तेवढ्यात ती निम्म्या रस्त्यात होती. मागं नुसता रबराचा वास. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आत्या शेजारी उभ्या होत्या, पदर कानावर घट्ट धरून. त्या म्हणाल्या, "आगं बया बया! ही गाडी हाय का बंदुकीची गोळी?"

माइकवर जो निवेदक होता तो एरवी बैलगाडा शर्यतीत बोलणारा. त्यामुळं त्याची भाषाही तीच. "आला आला आला, डाव्या हाताचा गडी लय चपळ! दोर सोडा, मागं सरका, पोरं आवरा!" त्याला कुणीतरी माझं सांगितलं असावं. मग काय, सुरूच. "आपल्या खानापूर तालुक्याच्या भगिनी! शाळेची गाडी चालवत्यात! वजन फक्त सत्तेचाळीस किलो! जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" मला वाटलं धरणी दुभंगावी. तिथं दिलेला आगीपासून बचावाचा सूट पुरुषाच्या मापाचा होता. बाह्या दुमडून मी रबर लावले होते, डोक्यावर हेल्मेट. आत्या म्हणाल्या, "कारखान्यात आग इझवाय निघाल्यागत दिसतीस."

प्रत्येकाला तीन संधी होत्या. सुरुवातीच्या रेषेजवळ दिव्यांचा खांब. तीन पिवळे दिवे वरून खाली एकेक लागतात, मग हिरवा. हिरव्याच्या आधी हललात तर लाल लागतो आणि ती संधी गेली, वेळ मोजतच नाहीत. रेषेच्या जरा मागं ओल्या जागेवर चाकं फिरवून टायर गरम करायचे. गरम रबर चिकट होतं आणि रस्ता धरून ठेवतं. हे सगळं मला पाठ होतं. मी टायर गरम केले, धूर काढला, लोक ओरडले. रेषेकडं निघणार एवढ्यात पुढच्या गाडीचं काहीतरी सांडलं म्हणून पंचानं मला हातानं थांबवलं.

आणि तेवढ्यात दोराखालून आत्या आल्या.

आता आमच्या भागात नवं वाहन घेतलं, मग ती सायकल असो की ट्रॅक्टर, पहिल्यांदा निघताना चाकाखाली लिंबू ठेवतात. चाक लिंबावरून गेलं की सगळी पीडा गेली. सकाळी निघताना मालकांनी आम्हा दोघींना हात जोडून सांगितलं होतं, नारळ घरी फोडा, पूजा घरी करा, पण रस्त्यावर काही नको. आम्ही व्हय म्हणालो होतो. पण आत्यांनी कमरेच्या पिशवीतून दोन लिंबं काढली आणि दोन्ही पुढच्या चाकांसमोर नेमकी ठेवली. पंचाचं काम त्यांना अडवायचं. पण तोही खेड्यातलाच माणूस, त्यानं लिंबांना हात जोडले.

आणि मी? मी ते डोळ्यांनी बघितलं. हॉर्न नव्हता, पण दार उघडून ओरडता आलं असतं. मी ओरडले नाही. फेब्रुवारीपासून माझा जीव इतका टांगणीला लागला होता की मला वाटलं, बरं झालं, हेही असू दे. मी मुद्दाम गाडी सरळ त्या लिंबांवरून नेली. दोन्हींचा फचकन आवाज आला आणि मला, देवाशप्पथ, धीर आला.

पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा. मी क्लच ढिला केला आणि चाकं गरागरा फिरायला लागली. पायाला काही कळेच ना. गाडी खेकड्यासारखी तिरकी झाली. सावरून, दम धरून कशीबशी पोचले. सोळा पूर्णांक चार.

परत आले तर मालक टायरजवळ उकिडवे बसलेले. त्यांनी टायरवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि माझ्याकडं बघितलं. "लिंबू?"

आत्या आकाशाकडं बघत होत्या. मग मीच बोलले, आणि चूक माझी असल्यामुळं जास्तच मोठ्यानं. "व्हय, लिंबू! मला दिसलं, आन मीच नेली त्याच्यावरनं! आठ महिनं झालं, माजा जीव माज्या जाग्यावर न्हाई, तुमाला काय म्हाईत? तुमी बसताय ताडपत्री टाकून!" बोलता बोलता मला रडू फुटलं. हेल्मेट घातलेलं असल्यामुळं डोळेही पुसता येईनात.

मालक चिडले होते, म्हणजे गप्प होते. आत्या मात्र खाली बसल्या आणि लुगड्याचा पदर घेऊन टायर घासायला लागल्या. मालक म्हणाले, "आये, राहू दे." त्या म्हणाल्या, "लिंबू मी घातलं, मीच पुसती." सत्तरी ओलांडलेली बाई त्या गरम रबरावरच्या लिंबाच्या साली नखानं काढत होती. ते बघून मालकांचा राग गेला. तेही शेजारी बसले आणि दुसरं चाक पुसायला लागले.

दुसऱ्या वेळी मी स्वतःवरच एवढी चिडलेली होते की तिसऱ्या पिवळ्यालाच सुटले. लाल. संधी गेली. निवेदक म्हणाला, "भगिनींना लय घाई!" आणि सगळे हसले. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो दुसऱ्या गाडीबद्दल बोलायला लागला.

आता एकच राहिली. मालक खिडकीपाशी आले. मला वाटलं पुन्हा क्लच सांगतील, ग्रिप सांगतील. ते म्हणाले, "न्हाई आली तेराच्या घरात तरी चालंल. तू नीट ये." आणि जाऊन कडेच्या, सरी पाडलेल्या मोकळ्या शेतातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर रस्त्याकडं पाठ करून बसले. दोन्ही कानांवर हात. त्यांना ते बघवणार नव्हतं. चालंल म्हणाले खरं, पण दोन वर्षं रोज संध्याकाळी बघितलेल्या माणसाचं तोंड मला वाचता येत नाही होय?

मी टायर गरम केले. दोराकडं बघितलं. आत्यांनी दोन्ही हात मोकळे करून मला दाखवले, काही नाही म्हणून. मी रेषेवर गेले. इंजिनाचा आवाज चढवला, पत्रा थरथरायला लागला, माझे दात वाजायला लागले. पिवळा. पायाला क्लच कळत होता. पिवळा. मला गाडीतली पेंगणारी पोरं आठवली आणि पाय आपोआप हलका झाला. पिवळा. हिरवा.

काय सांगू! कुणीतरी दोन्ही तळहात माझ्या छातीवर ठेवले आणि भिंतीत ढकललं. मान मागं चिकटली. गाल मागं गेले. दुसरा गिअर टाकला तर पुन्हा तोच धक्का, तिसरा टाकला तर पुन्हा. मला वाटत होतं आता सुटेल, आता हलकं होईल, पण सुटेच ना. दोन्ही बाजूचा ऊस एक हिरवी रेघ झाला. भीती कुठंतरी मागंच पडली, तिला माझ्याएवढं पळता आलं नसावं. मी ओरडत होते. पहिल्यांदा वाटलं घाबरून ओरडतेय, मग कळलं की मी हसतेय. चव्वेचाळीस वर्षांची बाई, एकटी, पत्र्याच्या डब्यात, खदखदा हसत चाललेली. आणि पोट अजून पोचायचं होतं, तोवर शेवटची रेषा मागं गेलीसुद्धा.

वेळ दाखवणारा फलक मागं, त्यामुळं मला काहीच कळलं नाही. परतीच्या बाजूच्या रस्त्यानं मी वीसच्या स्पीडनं येत होते. लोक काहीतरी ओरडत होते, निवेदक काहीतरी ओरडत होता, हेल्मेटमध्ये काही कळेना. पंचानं कागदाची चिठ्ठी आत्यांच्या हातात दिली होती. त्या ती उलटी धरून धावत आल्या. "तेरा हाय का चवदा? अगं बघ की, तेरा हाय का चवदा?"

तेरा पूर्णांक सहा आठ.

मी बेल्ट सोडला, हेल्मेट फेकलं आणि त्या ढगळ सुटात ढेकळांतून पळत गेले. मालक तसेच पाठमोरे, कानावर हात. मी समोर जाऊन चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांपुढं धरली. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. घडी घालून खिशात ठेवली. डोळे भरले होते, पण आवाज अगदी साधा. म्हणाले, "कसं वाटलं? सुटताना. अंगाला कसं वाटतं?"

तेव्हा मला लख्ख दिसलं. ह्या माणसानं त्या गाडीचा प्रत्येक बोल्ट हातानं आवळला, कितीनं सुटेल ते कागदावर काढलं, आणि ते सुटणं ह्यांच्या पाठीला कधी लागलंच नव्हतं. आता कधी लागणारही नव्हतं. मी माझे दोन्ही तळहात त्यांच्या छातीवर ठेवले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आणि मागं ढकललं.

"एवढंच?" ते म्हणाले.

मी जोर लावला.

"अजून."

मी सगळे सत्तेचाळीस किलो लावले. खुर्चीचे मागचे पाय मऊ मातीत गेले, खुर्ची कलंडली आणि मालक पाय वर करून सरीत आडवे झाले. मी त्यांच्या अंगावर. आत्यांनी किंकाळी फोडली, अँब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन पळत सुटले, माझ्या पाठीत आत्यांचा धपाटा बसला. आणि खाली, ढेकळांत, मालक डोळे मिटून हसत होते. "व्हय," म्हणाले, "आसंच वाटायला पायजे." हसता हसता त्यांना धाप लागली, छाती माझ्या हाताखाली वरखाली होत होती, आणि त्या धापेची मला जरासुद्धा भीती वाटली नाही.